व्हीआर कक्ष ग्रंथालयात घ्यावा का? एका ग्रंथपालांच्या पत्राला उत्तर

पत्र : मी उत्तर महाराष्ट्रातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एका कंपनीने आमच्याकडे व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटचे, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या यंत्राचे, प्रात्यक्षिक केले आणि विश्वस्त फार प्रभावित झाले. आता ग्रंथालयातच ‘व्हीआर कक्ष’ करायचा आणि दहा हेडसेट व तीन वर्षांचे सॉफ्टवेअर मार्चअखेरपूर्वी घ्यायचे, असे घाटत आहे. पैसा पुस्तके व नियतकालिकांच्या तरतुदीतून वळवला जाईल. शरीररचनाशास्त्राचे विभागप्रमुख म्हणतात की हे ग्रंथालयाचे काम नाही. अधिष्ठाता म्हणतात की ग्रंथालयाने काळाबरोबर चालले पाहिजे. माझ्या हाताखाली दोन सहायक आणि एक परिचर आहेत आणि आमच्यापैकी कोणालाही या यंत्रांची माहिती नाही. नकार दिला तर जुन्या वळणाची म्हणून बाजूला पडेन, आणि होकार दिला तर वर्षभरात सगळे कपाटात जाईल व जाब मला विचारला जाईल, अशी भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर :

महोदया, सप्रेम नमस्कार.

जबाबदारी घ्या, पण दहा हेडसेट मार्चपूर्वी घेऊ देऊ नका. विभागप्रमुख आणि अधिष्ठाता या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. काय शिकवायचे आणि ते विद्यार्थ्याला कळले की नाही, हे ठरवणे विभागाचे काम आहे. त्यात ग्रंथालयाने पडू नये. पण शिकण्याचे साहित्य पारखून घेणे, त्याचे परवाने सांभाळणे, त्याची नोंद ठेवणे आणि ते सर्वांना सारख्याच अटींवर उपलब्ध करून देणे, हे काम ग्रंथपालाचे आहे. साहित्य छापील आहे की डोळ्यांवर चढवायचे आहे, याने त्यात फरक पडत नाही. एका विभागाच्या ताब्यातली यंत्रणा त्या विभागाच्या कुलपातच राहते. ग्रंथालयात ती आली तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, शस्त्रक्रिया विभागातला पदव्युत्तर निवासी डॉक्टर आणि परिचर्या महाविद्यालयातली विद्यार्थिनी हे तिघेही तिच्यापर्यंत पोहोचू शकतात.

हे ग्रंथालयाचे काम नाही, असे पुन्हा कोणी म्हणाले तर अमेरिकेतील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे उदाहरण त्यांच्यासमोर ठेवा. जगातील सर्वांत मोठ्या समजल्या जाणाऱ्या या वैद्यकीय ग्रंथालयाने ‘व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट’ हाती घेतला आणि एका पुरुषाच्या संपूर्ण देहाच्या एकेक मिलिमीटर अंतरावरच्या काटछेदांची छायाचित्रे, सीटी व एमआरआय प्रतिमांसह, १९९४ मध्ये अभ्यासकांसाठी खुली केली. पुढच्याच वर्षी स्त्रीदेहाची प्रतिमामाला आली. तिच्यात हे अंतर मिलिमीटरच्या एक-तृतीयांशावर आणलेले होते. त्या प्रतिमांवरून शरीराची त्रिमितीय प्रारूपे घडवण्याचे काम जगभर झाले. २०१९ पासून तर ही सामग्री वापरण्यासाठी परवान्याचा अर्जही करावा लागत नाही. म्हणजे आज हेडसेटमध्ये दिसणाऱ्या अनेक आभासी देहांच्या मुळाशी एका ग्रंथालयाने केलेले संग्रहाचे काम आहे.

दुसरे उदाहरण आकाराने लहान आहे, पण तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील मेन राज्यात युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड नावाचे विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रंथालयाने वृद्धांच्या आरोग्याचा विषय शिकवणाऱ्या अध्यापकांना बरोबर घेऊन व्हीआरचा एक प्रकल्प राबवला. विद्यार्थी हेडसेट चढवतो आणि आल्फ्रेड नावाच्या ७४ वर्षांच्या गृहस्थाच्या जागी बसतो. आल्फ्रेडच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेला आहे आणि त्याला कमी ऐकू येते. समोरच्या माणसाकडे पाहावे तर नेमक्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग येतो, आणि डॉक्टर काय बोलत आहेत ते अर्धवट कानावर पडते. म्हातारा रुग्ण हट्टी आहे किंवा त्याला काही समजत नाही, असे मत घाईने बनवण्याआधी विद्यार्थ्याला त्या डोळ्यांनी पाहायला आणि त्या कानांनी ऐकायला मिळते. त्या ग्रंथालयाने आधी शिकवण्यातली एक उणीव हेरली आणि मग ती भरून काढणारे साहित्य शोधले. तुमच्याकडे मात्र यंत्र आधी आले आहे आणि त्याला काम नंतर शोधायचे आहे. तुम्हाला वाटणारी भीती इथूनच येते आणि ती अगदी रास्त आहे.

आता या साधनाने शिक्षण खरोखर सुधारते का, याकडे वळू, कारण ग्रंथालय समितीच्या बैठकीत हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा. सर्वांत जास्त सांगितला जातो तो येल विद्यापीठातला २००२ चा प्रयोग. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट केले गेले. एका गटाने नेहमीच्या प्रशिक्षणाच्या जोडीला आभासी यंत्रावर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव केला, दुसऱ्याने केला नाही. नंतर प्रत्यक्ष पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत, कोण कोणत्या गटातले हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी त्यांचे काम पाहिले. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या चुका दुसऱ्या गटाच्या सुमारे एक-षष्ठांश भरल्या. कंपन्या हा दाखला आवडीने देतात. पण त्यातल्या दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली म्हणजे तिथे हेडसेट नव्हताच. संगणकाचा पडदा आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतल्या उपकरणांसारख्या मुठी होत्या. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथला सराव ठरावीक तासांचा नव्हता. अनुभवी शल्यविशारदांच्या कामगिरीवरून एक पातळी ठरवली होती आणि प्रत्येकाने ती गाठेपर्यंत सराव करायचा होता. म्हणजे फळ मिळाले त्यात यंत्राइतकाच शिकवण्याच्या शिस्तीचा वाटा होता.

२०१९ मध्ये आरोग्यशिक्षणातील व्हीआरवरच्या ३१ अभ्यासांचा, एकूण २,४०७ विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात इतर पद्धतींच्या तुलनेत ज्ञानात काहीशी आणि कौशल्यात त्याहून अधिक सुधारणा दिसते. ‘काहीशी’ हा शब्द सोडू नका. ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठात २०१७ मध्ये ५९ जणांवर झालेला प्रयोग तुमच्या खरेदीशी थेट निगडित आहे. कवटीची रचना काहींनी हेडसेटमधून, काहींनी टॅब्लेटवर संवर्धित वास्तवातून आणि काहींनी साध्या टॅब्लेटवरच्या त्रिमितीय प्रारूपावरून शिकली. परीक्षेतल्या गुणांत तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. हेडसेटवाल्या गटात मात्र डोकेदुखी, गरगरणे आणि धूसर दिसणे या तक्रारी बऱ्याच अधिक होत्या. संवर्धित वास्तव म्हणजे समोरचे खरे जग दिसत असतानाच त्यावर आभासी चित्र ठेवणे. व्हीआरमध्ये समोरचे जग पूर्ण झाकले जाते. पहिल्या प्रकाराला साधा टॅब्लेटही पुरतो, आणि टॅब्लेट तुमच्या ग्रंथालयात आजही असू शकतील.

यावरून हेडसेट निरुपयोगी ठरत नाही. ज्या विषयात अडचण मुळात जागेची आहे, एखादी गोष्ट कशाच्या मागे, कशाच्या आत, कुठून शिरते आणि कुठे निघते हे सपाट पानावर कळत नाही, तिथे हे साधन फार उपयोगी पडते. टेरिगोपॅलटाइन फॉसाचे उदाहरण घ्या. वरच्या जबड्याच्या हाडामागची ही चिंचोळी पोकळी पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला रडवते. तिला मागून फोरामेन रोटंडम हे गोल छिद्र आणि टेरिगॉइड कालवा येऊन मिळतात. आतल्या बाजूचे छिद्र नाकात उघडते, पुढची फट डोळ्याच्या खोबणीत जाते, खालचा कालवा टाळूकडे उतरतो आणि बाहेरची फट गालामागच्या खोलगट जागेत निघते. मॅक्सिलरी (वरच्या जबड्याचा) मज्जातंतू मागून आत येतो, इथे फांद्या देतो आणि पुढच्या फटीतून निघून जातो. कवटी हातात घेतली तरी ही जागा तिरप्या कोनातून जेमतेम दिसते, आणि विच्छेदनात तिथवर पोहोचेपर्यंत आजूबाजूचे बरेच काही तोडावे लागते. पुस्तकातल्या आकृतीत ती चौकोनी डब्यासारखी काढलेली असते, आणि विद्यार्थी तो डबाच पाठ करतो. हेडसेटमध्ये ही पोकळी खोलीएवढी मोठी करता येते. विद्यार्थी मधोमध बसतो, मान वळवून एकेक दार पाहतो, आपल्या मागून आलेला मज्जातंतू पुढच्या फटीतून जाताना पाहतो आणि मग पुन्हा बाहेर येऊन तीच जागा पूर्ण कवटीत कुठे आहे ते शोधतो. भ्रूणावस्थेत आतडी कशी वळतात किंवा हृदयाची सरळ नळी दुमडून तिचे कप्पे कसे होतात, हेही असेच विषय आहेत. उलट, मांडीतले स्नायू किंवा हाताची हाडे शिकण्यासाठी हेडसेटवर खर्च करणे मला पटत नाही. त्यांच्यासाठी हाडांची पेटी आणि विच्छेदनाचे मेज पुरेसे आहे.

विश्वस्तांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगायला हवी, आणि ती विभागप्रमुखांच्या तोंडून आली तर उत्तम. आभासी देह हा देहदानातून मिळालेल्या देहाला पर्याय नाही. चरबीच्या थरातून मज्जातंतू बोटांनी मोकळा करताना लागणारा हात, धमनी आणि शीर यांच्या भिंतींतला स्पर्शाचा फरक, प्रत्येक देहागणिक बदलणारी रचना, यांतले काहीही आजच्या हेडसेटमध्ये नाही. तिथले स्नायू नेहमी लाल, शिरा नेहमी निळ्या आणि सगळे जिथल्या तिथे असते. २०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमात मृतदेह हा आपला पहिला गुरू, या भावनेवर एक स्वतंत्र पाठ ठेवलेला आहे. देहदान करणाऱ्याच्या घरच्यांनी जो विश्वास आपल्यावर टाकलेला असतो, त्याची जाणीव विद्यार्थ्याला त्या मेजापाशी उभे राहूनच होते. ‘आता मृतदेहांची गरज उरणार नाही’ असे वाक्य कंपनीच्या माहितीपत्रकात असेल, तर त्या माहितीपत्रकातला बाकीचा मजकूरही जपून वाचा.

म्हणून दहा हेडसेटऐवजी दोन घ्या किंवा प्रायोगिक तत्त्वावर मागून घ्या, आणि विभागप्रमुखांना एकच प्रश्न विचारा : तुमच्या विषयातले असे तीन भाग कोणते, जे दरवर्षी शिकवूनही विद्यार्थ्यांच्या डोक्यात बसत नाहीत? ‘हे ग्रंथालयाचे काम नाही’ असे म्हणणारे अध्यापक या प्रश्नाला मनापासून उत्तर देतात असे मी पाहिले आहे, कारण त्यात त्यांच्या शिकवण्याचा मान राखलेला असतो. मग त्यांपैकी एक भाग निवडून एका सत्रापुरता प्रयोग करा. निम्म्या विद्यार्थ्यांनी तो हेडसेटमधून आणि निम्म्यांनी तोच भाग कवटी व टॅब्लेट यांवरून शिकावा, आधी व नंतर एक छोटी चाचणी व्हावी, आणि महिन्या-दीड महिन्याने तीच चाचणी न सांगता पुन्हा घ्यावी, कारण लगेच घेतलेल्या चाचणीत नवलाईचाही वाटा असतो. ही शेवटची चाचणी झाल्यावर हेडसेटच्या गटाला टॅब्लेट आणि टॅब्लेटच्या गटाला हेडसेट वापरायला द्या, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. हा प्रयोग लेखाच्या रूपाने प्रसिद्ध करायचा असेल तर संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी सुरुवातीलाच घ्यावी लागेल.

पैशाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. पुस्तके आणि नियतकालिके यांच्या तरतुदीतून एक रुपयाही वळवू देऊ नका. नियतकालिकाची खंडित झालेली वर्गणी पुन्हा सुरू करणे किती कठीण असते, हे तुम्ही जाणताच. मधल्या वर्षांचा खंड तर कायमचाच राहतो. हेडसेट हे उपकरण आहे, त्याची तरतूद उपकरणांच्या शीर्षाखाली व्हावी आणि नोंद जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीत व्हावी, ग्रंथांच्या दाखल नोंदवहीत नव्हे. ही तांत्रिक बाब वाटेल, पण तीन-चार वर्षांनी निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याची, वेळ येईल तेव्हा तिचे महत्त्व कळेल. आणि ती वेळ येतेच. पुठ्ठ्याच्या खोक्यात फोन ठेवून पाहायचे गूगल कार्डबोर्ड २०१४ मध्ये आले आणि २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबवली. अमेरिकेत केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने शरीररचना शिकवण्यासाठी ज्यावर मोठे काम उभे केले, त्या मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या हेडसेटची दुसरी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि २०२४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. फेसबुकच्याच ऑक्युलस या कंपनीच्या नव्या हेडसेटसाठी २०२० मध्ये फेसबुकचे खाते सक्तीचे झाले आणि २०२२ मध्ये ती सक्ती काढून वेगळ्याच खात्याची पद्धत आली. एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही गत असेल, तर तीन वर्षांचे सॉफ्टवेअर एका विशिष्ट हेडसेटला बांधून घेणे धोक्याचे आहे.

करारात काही गोष्टी लेखी मागा. परवाना संस्थेच्या नावाने असावा, एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर नसावा. एकाच वेळी किती जण वापरू शकतात, हे आकड्यात लिहिलेले असावे. हेडसेट बदलला तरी सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर आणि साध्या संगणकावरही चालावे. मुदत संपल्यावर आपल्या हाती काय उरते, याचे उत्तर एका वाक्यात मिळावे. यंत्राची भारतात अधिकृत दुरुस्ती होते का, हेही विचारा, कारण बाहेरून आणलेल्या यंत्राची हमी इथे चालेलच असे नाही. वार्षिक देखभाल करारात हातातले कंट्रोलर आणि चेहऱ्याला लागणारी गादी यांचा समावेश करून घ्या; आधी तेच खराब होतात. एकाच कंपनीचे दरपत्रक स्वीकारू नका, आणि प्रात्यक्षिक घ्यायचे तर ते विश्वस्तांसमोर नव्हे, पहिल्या वर्षाच्या सहा-सात विद्यार्थ्यांना अर्धा-अर्धा तास देऊन घ्या.

ग्रंथपाल म्हणून माझा सर्वांत जास्त जीव ज्यात आहे, तो मुद्दा आशयाच्या मालकीचा आहे. भाड्याचे सॉफ्टवेअर मुदत संपताच निघून जाते. आपण जमवलेला त्रिमितीय संग्रह मात्र राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावर त्रिमितीय प्रारूपांचा खुला साठा आहे. जपानमधल्या संशोधकांनी तयार केलेला बॉडीपार्ट्सथ्रीडी हा संपूर्ण शरीराचा संग्रह खुल्या परवान्यावर मिळतो. थ्रीडी स्लायसर नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सीटी स्कॅनच्या प्रतिमा घालून हाड, रक्तवाहिनी किंवा गाठ वेगळी काढता येते आणि पूरक जोडणी घातली की ती हेडसेटमध्येही पाहता येते. तुमच्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात असे स्कॅन दररोज होत असतात. विभागातला एखादा उत्साही निवासी डॉक्टर आणि तुमचा एक सहायक यांनी मिळून वर्षाला आठ-दहा प्रारूपे जरी तयार केली, प्रत्येकाला विषयशीर्षक, थोडक्यात वैद्यकीय माहिती आणि करणाऱ्याचे नाव देऊन ती ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) घातली, तरी काही वर्षांत तुमच्या भागातल्या रुग्णांचे, तुमच्या अध्यापकांनी पारखलेले असे भांडार तयार होईल, जे कोणत्याही कंपनीकडे विकत मिळणार नाही. तालिकीकरण तुम्हाला येते. त्यासाठी नवे काही शिकावे लागणार नाही.

इथे एक धोका मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागेल. स्कॅनवरचे नाव आणि नोंदणी क्रमांक काढला म्हणजे रुग्णाची ओळख पुसली गेली, असे समजू नका. डोक्याच्या स्कॅनमधून चेहऱ्याची त्वचा त्रिमितीत उभी करता येते आणि ओळखीचा माणूस ओळखू येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या मेंदूच्या एमआरआयवरून असे चेहरे तयार करून चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, तेव्हा ८३ टक्के जणांची छायाचित्रांशी अचूक जुळणी झाली. म्हणून डोक्याच्या स्कॅनमधला चेहऱ्याचा भाग कापून टाकल्याशिवाय तो संग्रहात घेऊ नये आणि रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय कोणताच स्कॅन घेऊ नये. शस्त्रक्रियागृहात चौफेर कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणालाही हाच नियम लावा. तिथे फळ्यावर लिहिलेले रुग्णाचे नावही चित्रात येते.

विद्यार्थ्यांच्या माहितीचीही तितकीच काळजी घ्यायला हवी. आपल्या वाचकाने काय वाचले हे आपण कोणाला सांगत नाही. हेडसेट मात्र वापरणाऱ्याच्या डोक्याच्या व हातांच्या हालचाली सतत टिपत असतो, आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की अवघ्या १०० सेकंदांच्या अशा हालचालींवरून ५० हजारांहून अधिक लोकांतून नेमकी व्यक्ती ९४ टक्के वेळा ओळखता येते. तेव्हा विद्यार्थ्यांना स्वतःच्या खात्याने आत शिरू देऊ नका, संस्थेची क्रमांकाने चालणारी खाती ठेवा, आणि माहिती कुठे साठते व कधी पुसली जाते हे कंपनीकडून लिहून घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डोळ्यांसमोर ठेवून हा मजकूर संस्थेच्या वकिलांकडून एकदा तपासून घेणे बरे.

रोजच्या कामाचे आता सांगतो. मोठा कक्ष लागत नाही. वाचनकक्षाची जागा अजिबात देऊ नका. परीक्षेच्या महिन्यात तिथली प्रत्येक खुर्ची भरलेली असते. संदर्भ विभागालगतच्या छोट्या खोलीत, चाके नसलेल्या पण गोल फिरणाऱ्या दोन खुर्च्या, त्यांच्याभोवती हात पसरता येतील इतकी मोकळी जागा, आत काय चालले आहे ते बाहेरच्यांना दिसावे म्हणून भिंतीवर एक पडदा, आणि स्थिर वाय-फाय एवढे पुरे. सुरुवातीला सर्वांनी बसूनच वापरावे. खिडकीला जाड पडदा लावा; हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडले तर ते आतल्या पडद्यावर एकवटते आणि काही क्षणांत कायमचा डाग पडतो. टेबलावर उलटा ठेवलेला हेडसेट असाच जातो.

परिचराला एक काम नीट शिकवा, ते म्हणजे स्वच्छता. आपल्याकडे केसांना तेल असते, डोळ्यांत काजळ असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत चेहऱ्यावर घाम असतो. हे सगळे पट्ट्यावर आणि गादीवर उतरते. पट्टा आणि गादी प्रत्येक वापरानंतर जंतुनाशक ओल्या पुसणीने पुसावी, भिंगांना मात्र चष्मा पुसायचे कोरडे मऊ कापडच लावावे. स्पिरिटने भिंगावरचा लेप निघून जातो. फोमच्या गादीपेक्षा धुता येणारे सिलिकॉनचे आवरण चांगले. २०२१ मध्ये क्वेस्ट टू या हेडसेटच्या फोमच्या गाद्यांनी काहींच्या त्वचेला त्रास झाल्यामुळे अमेरिकेत सुमारे ४० लाख गाद्या परत मागवण्याची घोषणा करावी लागली होती. डोळे आलेल्या विद्यार्थ्याला हेडसेट देऊ नये, आणि साथ असेल तेव्हा सेवा सरळ बंद ठेवावी.

गरगरण्याच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करू नका. डोळे सांगतात की आपण हलत आहोत आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण बसून आहोत. या विसंगतीने मळमळ होते. शिवाय जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात, पण भिंगातून दिसणारी प्रतिमा ठरावीक अंतरावरच स्पष्ट असते, त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो. पुष्कळदा कारण याहून साधे असते : भिंगांमधले अंतर त्या विद्यार्थ्याच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवलेले नसते. क्वेस्ट टूमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. तुमच्या नेत्ररोग विभागात प्रत्येकाचे अंतर एकदा मोजून ओळखपत्रामागे लिहून दिले, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असा माझा अंदाज आहे. एका वेळी २० मिनिटांहून अधिक वापर नसावा. त्यानंतर थोडा वेळ बसून मगच दुचाकीवर बसावे. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांनी वापरू नये, आणि हे सांगताना त्यांना सर्वांसमोर कारण द्यावे लागू नये. नोंदणीच्या अर्जात सर्वांसाठीच सूचना छापा. ज्याला हेडसेट सोसत नाही किंवा वापरायचा नाही, त्याला तोच आशय पडद्यावर पाहण्याची सोय हवी आणि त्यामुळे त्याचे गुण कमी होता कामा नयेत.

तुम्हाला यंत्रांची माहिती नाही, याची लाज बाळगू नका. हेडसेट चालवणे दोन-तीन दिवसांत येते. तुमच्या दोन सहायकांपैकी ज्याला आवड आहे त्याला जबाबदारी द्या, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे चार-पाच विद्यार्थी मदतनीस म्हणून घ्या, आणि आठवड्यातून ठरावीक तीन दुपारीच सेवा सुरू ठेवा. दोन सहायकांत देवघेव सांभाळून रोज दिवसभर हा कक्ष चालणार नाही, आणि माणूस वाढवून न देता तो चालवण्याचे आश्वासन तुम्ही देऊ नये.

अधिष्ठात्यांना तोंडी सांगू नका, दोन पानांचे टिपण द्या. पहिल्या परिच्छेदात ‘ग्रंथालय ही सेवा चालवण्यास तयार आहे’ हे वाक्य असू द्या, म्हणजे नकाराचा प्रश्नच उरणार नाही. पुढे निवडलेला विषय, विभागप्रमुखांची सही, प्रयोगाचा काळ, हेडसेट किती आणि कोणत्या शीर्षाखाली, कोणाचे काम काय, आणि सत्राअखेर कोणता निकाल आला तर पुढची खरेदी करायची व कोणता आला तर करायची नाही, हे लिहा. हा शेवटचा भाग प्रयोगापूर्वीच समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे जाब विचारला गेलाच, तर निर्णय समितीचा होता आणि तो कोणत्या आधारावर झाला, हे त्या इतिवृत्तातून दिसेल.

मार्चअखेर उपकरणांची रक्कम खर्च झालीच पाहिजे असा आग्रह राहिला, तर ती चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या एका संगणकावर, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, चार टॅब्लेटवर आणि संदर्भ विभागाच्या वाय-फायवर खर्च करायला सांगा. थ्रीडी स्लायसर त्याच संगणकावर चालेल, टेरिगोपॅलटाइन फॉसा त्याच पडद्यावर साठ विद्यार्थ्यांना एकत्र दाखवता येईल, आणि प्रयोगाचा निकाल हाती आल्यावर हेडसेट घ्यायचे ठरले तर तेही याच संगणकाला जोडता येतील. कंपनीला तोवर एवढेच कळवा की दरपत्रक मिळाले आहे आणि ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीत ते विचारार्थ ठेवले जाईल.